खाकरून आत यायचं

आबा, तरीही माझं म्हणणं तेच आहे. स्वतःच्या घरात शिरताना माणसानं खाकरायचं कशाला? दुसऱ्याच्या घरी ठीक, मी कुठं नाही म्हणतोय. पण मिरजेतली आपली खोली, जिथं आई, ताई आणि मी सोडून चौथं कुणी नाही, जिथं ताटली पडली तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं, तिथं शिरताना रोज ते तुमचं एक आखूड आणि एक लांब. आखूड नळाजवळ, लांब पायरीवर, आणि त्या लांबाचं शेपूट जरा वर चढायचं. माझे मित्र गल्लीत गोट्या खेळता खेळता म्हणायचे, "आला रे, याच्या बापाचा हॉर्न आला." मग एकेकजण तुमची नक्कल करायचा आणि सगळ्यात चांगली कुणाची झाली यावर भांडणं व्हायची. मी तुम्हाला एकदा सगळ्यांदेखत सांगितलं की आबा, हे बंद करा, लोक हसतात. तुम्ही रंगकामावरून येऊन नळावर हाताचा चुना खरवडत होता. मान वर न करता म्हणालात, "हसू दे की. त्यांच्या घरात कोण न सांगता शिरलं म्हंजे कळंल." त्यावर मी काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुमच्या लक्षात असणार. मग मी दुबईला गेलो, तिथल्या हॉटेलात पराठे लाटत असताना तुम्ही गेलात, आणि आपलं भांडण तसंच अर्धं राहिलं. म्हणून आज पुढं चालू करतोय. आधीच सांगतो, मी माघार घेतलेली नाही.

आणि हल्ली तर तुमची सवय कुणी चालवूनच घेतली नसती. तुम्ही गेल्यानंतर जगात एक साथ आली आहे, आबा. खोकल्यातून, शिंकेतून पसरते. दुबईच्या शेठच्या भावानं मला इथं सिडनीला आणला, त्याच्या तंदूरवर उभा केला, आणि नीट बूड टेकतंय तोवर ही साथ आली. सगळ्यांच्या तोंडाला फडकी. परवा सुपरमार्केटात एका बाईला ठसका लागला, साधा ठसका, पाणी पिताना लागतो तसला, आणि डाळ-तांदळाच्या रांगेतली माणसं अशी पांगली की मला सरळ मोकळा रस्ता मिळाला. मी निवांत तूरडाळ घेतली. तुम्ही इथं असतात तर तुमच्या एका आखुडात अख्खं सिडनी रिकामं झालं असतं. लांबाची गरजच पडली नसती.

तर सांगायचं ते वेगळंच. मी सध्या एका कोरियन आजोबांच्या घरात राहतो. आधी इथंच, सिडनीच्या गिरावीन भागात, आम्ही पाच पोरांनी मिळून घर भाड्यानं घेतलं होतं. साथीत दोघांचं काम गेलं, एकजण मिळेल त्या विमानानं हैदराबादला पळाला, घर सुटलं. आमचं हॉटेल वेंटवर्थव्हिलला आहे, तिथं कोथिंबीर-मिरची पोचवणारा भाजीवाला मला म्हणाला, "एक कोरियन बुढ्ढा है, अकेला रहता है. पीछे का रूम खाली है. लेकिन लड़का पसंद आया तो ही देगा." मी म्हटलं, लग्नाला उभा राहतोय की काय. गेलो. दार उघडलं ते ऐंशीच्या घरातल्या, कुंच्याच्या दांड्यासारख्या ताठ म्हाताऱ्यानं. घरात एकटा, कुणी यायचं नाही, जायचं नाही, तरी अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्याचं बटण लावलेलं. त्यांचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं म्हणे, आपली माणसं या भागात यायच्या कितीतरी आधीपासून. त्यांनी कमरेतून वाकून मान झुकवली. मी गडबडून नमस्कार केला तर काखेतली बॅग खाली पडली. बूट मात्र मी दाराबाहेरच काढले होते, कारण बूट घालून कुणाच्या घरात शिरलो असतो तर तुम्ही जिथं असाल तिथून कुंचा फेकून मारला असता. म्हाताऱ्यानं आधी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि किल्ली दोन हातांनी पुढं केली. मी ती देवळात प्रसाद घेतो तशी घेतली, उजवा तळवा पुढं, त्याखाली डावा. कपाळाला लावायचीच काय ती राहिली. मला तेव्हा कुठं माहीत, की त्यांच्यात मोठ्या माणसाकडून काही घ्यायचं तर एका हातानं घेत नाहीत, दुसऱ्याचा आधार लागतो. म्हातारा हसला आणि बाजूला होऊन मला आत घेतलं. नववीत चार विषयांत गचकलेला मी, आबा, त्या दारात पहिल्या झटक्याला पास झालो.

मी त्यांना हाराबोजी म्हणतो, म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. इंग्रजी त्यांचं माझ्यासारखंच, शब्द कमी, हात जास्त, त्यामुळे आमचं छान जमतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक भला मोठा पेर, नासपतीसारखा, सोलून, फोडी करून माझ्या खोलीच्या दारात आणला. मी म्हटलं, "नको नको." ते म्हणाले, "ईट, ईट." मी पुन्हा नको. त्यांनी बशी आणखी पुढं सारली. तिसऱ्यांदा मी "बरं, एकच" म्हणून घेतली आणि मग सगळी संपवली. हा खेळ त्यांना आपल्यासारखाच येतो, आबा, एक पायरीही चुकत नाहीत. याचं मोल तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही इथल्या गोऱ्यांमध्ये राहिला नाहीत. आमच्या हॉटेलात कपाटं बसवायला एक सुतार आला होता. दिलदार माणूस. दुपारी त्यानं आपल्या डब्यातलं सँडविच माझ्यापुढं केलं. मला सडकून भूक लागलेली, पण तोंडातून सवयीनं "नो नो" गेलं. तो म्हणाला, "नो वरीज, मेट," आणि स्वतःच खाऊन टाकलं. मी बघत राहिलो. त्याच्या मनात काही नव्हतं. मी नको म्हटलं, त्याला ते खरं वाटलं. आपल्याकडे नको म्हणणं ही जेवणाची सुरुवात असते, हे त्याला कुठून माहीत असणार? म्हाताऱ्याला माहीत होतं.

त्यांच्याबरोबर जेवायला बसायचं तर नियम पुष्कळ. त्यांनी चमचा उचलल्याशिवाय मी उचलायचा नाही. त्यांच्यासमोर काही पेय घ्यायचं तर तोंड जरा बाजूला वळवून. आणि स्वतःचा पेला स्वतः कधी भरायचा नाही. समोरच्याचा रिकामा झालेला आपण बघायचा आणि आपण भरायचा. आपला रिकामा असेल तर असू दे, बघेल कुणीतरी. पहिले काही दिवस मला वाटलं, हे काय लफडं आहे, बाटली हाताशी आहे, घ्या आणि प्या. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे, मला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही, गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, दुबई सोडली, इथूनही पर्थकडे खाणीवर जायचा माझा विचार पक्का होता, पोरांनी नंबरसुद्धा दिला होता. पण दुसऱ्याच्या पेल्यावर लक्ष ठेवायचं म्हटल्यावर माणसाला बसून राहावं लागतं. मी बसायला लागलो. पर्थला अजून फोन केलेला नाही.

आता मुद्द्याचं. यंदा इथल्या थंडीत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, पुन्हा सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला घरी बोलवायचं नाही. कामावर जायला मुभा होती म्हणून माझा तंदूर पार्सलपुरता चालू होता. त्याच दिवसांत आजोबांच्या बायकोचं दरवर्षीचं श्राद्ध येत होतं. ते त्याला जेसा म्हणतात. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी टेबल मांडायचं, फोटो ठेवायचा, स्वयंपाक वाढायचा आणि पोरानं पुढं होऊन दारू ओतायची, जमिनीला कपाळ टेकून वाकायचं. आजोबांचे गुडघे गेलेले, ते खाली बसले तर उठवायला माणूस लागतो. आणि पोरगा, पन्नाशीचा, दातांचा डॉक्टर, केलीव्हिलला. केलीव्हिल पाच किलोमीटरमध्ये बसत नाही, आबा, कुठूनही मोजलं तरी बसत नाही. बापलेकांचं फोनवर जोरात चाललं होतं. भाषा मला कळत नव्हती, पण बाप-पोराचं भांडण कळायला भाषा कुठं लागते? मग पोरानं मलाच फोन केला. म्हणाला, "मेट, डॅडला समजाव ना. एक वर्ष नाही केलं तर काय होतं? मॉम समजून घेईल." मी स्वयंपाकघरात जाऊन तसं सांगितलं. आजोबा राई निवडावी तसा सोयाबीनचा एकेक मोड आलेला दाणा निवडत होते, शेपट्या खुडून. म्हणाले, "वर्षातून एकदा जेवते ती. एकदाच." आणि पुन्हा खुडायला लागले.

मला खरं तर राग आला होता. कारण त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता की पंधरवडा जवळ आला, यंदा तरी आबांचा म्हाळ घालूया, चार माणसं जेवायला बोलावू, तू पाठव काहीतरी. आणि मी तिला दरवर्षी सांगतो तेच सांगितलं होतं, की गॅसला पाठवतो, औषधाला पाठवतो, पण कावळ्याला जेवू घालायला माझ्याकडे पैसे नाहीत. ती म्हणाली, "कावळा ऱ्हाऊ दे, पान तरी मांडू." मी म्हटलं, "मांडून काय, आबा येणार आहेत?" आणि आता हा म्हातारा माझ्यासमोर मोड निवडत बसलेला, बायको येणारच आहे अशा खात्रीनं. मी म्हटलं, "हाराबोजी, पोरगा नाही तर वाकणार कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मी परका, मी कसा चालेन. तर त्यांनी चष्मा लावला, फोन उघडला, पोरानं त्यांना पाठवलेले सरकारी नियम काढले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एका घरात राहणारे एकत्र बसू शकतात. म्हणाले, "सरकार म्हणतं, माझ्या घरचा तूच आहेस. माझा पोरगा नाही. तू."

आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला लागलो. आयुष्यभर हॉटेलात घासलोय, पण इतकी बोलणी कुठल्या शेठनं घातली नसतील. माशाचे तुकडे अंड्यात बुडवून तळायचे तर कडा करपता कामा नयेत. फळांची संख्या जोडीत नको. पीच आणायचा नाही, गेलेली माणसं पीचला घाबरून दारातूनच परत जातात. आणि तिखट नाही, लसूण नाही. मी म्हटलं, "आमच्यातसुद्धा नाही. आमची आई म्हाळाच्या स्वयंपाकात लसूण घालत नाही." ते थांबले. "का?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मलाही नाही." आणि आम्ही दोघं हसलो. दुपारी त्यांनी आपला एक पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करून मला आणून दिला, दोन हातांनी. बाहीची घडी अशी की बोट कापेल. तो घालून मी आरशात पाहिलं तर, आबा, गणपतीत तुम्ही तुमचा एकुलता एक पांढरा शर्ट घालून बाहेर पडायचात ना, हात पाठीमागे धरून, चुना लागायला नको म्हणून, तसाच मी हात पाठीमागे धरून उभा होतो.

खरं म्हणजे हे मध्यरात्री करतात. पण आजोबा म्हणाले, ही नवाला झोपायची, उगाच कशाला जागवा, दिवेलागणीला करू. बैठकीच्या खोलीत टेबल मांडलं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. फोन एका बरणीला टेकवून उभा केला, त्यात केलीव्हिलहून पोरगा, तोही कोट घालून. तो फोनमधून म्हणाला, "डॅड, सफरचंद चुकीच्या बाजूला आहे." आजोबा म्हणाले, "तू उलटा दिसतोस, तुला काय कळतंय." उदबत्ती लावली. आजोबांनी ओतलं, मी पेला दोन हातांनी धरून धुरावरून फिरवला आणि फोटोपुढं ठेवला. मग मी खाली वाकलो, दोनदा, कपाळ जमिनीला. त्याच वेळी पोरगाही तिकडं वाकला आणि फोनमधून नाहीसाच झाला, नुसता त्यांचा सोफा दिसत राहिला. आजोबांनी भातात चमचा उभा रोवला, एरवी जेवताना तसा कधी रोवायचा नसतो म्हणाले, आणि मला खुणेनं बाहेर काढलं. आम्ही दोघं बोळात आलो. त्यांनी दार ओढून घेतलं, किंचित फट ठेवून. मी विचारलं, आता काय. ते हळूच म्हणाले, "आता ती जेवतेय. तिच्याकडं बघायचं नाही. भिंतीकडं तोंड कर."

आम्ही भिंतीकडं तोंड करून उभे. मला हसू येत होतं आणि मांडीत गोळाही येत होता. तेवढ्यात आजोबा खोकले.

आबा, आता माझी बाजू समजून घ्या. आमच्या शेजारच्या दुकानातल्या पोराला चार दिवसांपूर्वी साथीचा ताप निघाला होता. माझी तपासणी चांगली आली होती, पण मनात किडा होताच, की मी हे घरात आणलं आणि या म्हाताऱ्याला लागलं तर. आणि ते पुन्हा खोकले. मी काही विचारच केला नाही. खिशातलं फडकं तोंडाला लावलं, दार ढकललं, आत घुसलो, टेबलावरचा फोन उचलला आणि ओरडलो, "तुझे डॅड खोकतायत, दोनदा खोकले, अँब्युलन्स बोलवू का?" फोनमध्ये पोराची पाठ दिसत होती. तोही तिकडं भिंतीकडं तोंड करून उभा होता. तसाच, न वळता म्हणाला, "मेट, ते मॉमसाठी आहे."

मी फोन हातात धरून उभा. दारात आजोबा. चेहरा पडलेला, असा पडलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते मला रागावले नाहीत. टेबलाकडं बघत नुसतं म्हणाले, "तीनदा करायचं असतं. आत ती जेवतेय. तोंड पुसत असेल, पदर नीट करत असेल." पदर हा शब्द माझा, आबा, त्यांनी गळ्याजवळ हात नेऊन कपडा सारखा केल्यासारखं दाखवलं. "आपण येतोय हे कळवायचं असतं. तिला सावरायला वेळ द्यायचा असतो. तू एकदम घुसलास."

सांगलीच्या त्या घराचं आठवतं का तुम्हाला? मोठ्या पोरीचं लग्न होतं, तुम्ही माजघर रंगवायला घेतलं होतं, आणि मी सुट्टीचा तुमच्याबरोबर आलो होतो. मी बादली घेऊन सरळ आत गेलो. ती बाई, त्या पोरीची आई, शालूच्या खोक्यावर बसून रडत होती. मला बघून दचकली, डोळे पुसले, उगाचच खोकं उचलून दुसरीकडं ठेवलं. तुम्ही मला दंड धरून अंगणात आणलंत. मी समजलो, आता मार बसणार. पण तुम्ही म्हणालात, "लेका, माणसाला सावराय दोन श्वास तरी दे." एवढंच. आणि परत आत जाताना इतक्या लांबून खाकरलात की त्यांच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. अख्ख्या गिरावीनमध्ये हे ज्यानं पहिल्या खोकल्याला ओळखायला हवं होतं तो मी होतो, आबा. आणि मीच अँब्युलन्स बोलवायला निघालो होतो.

मी म्हटलं, "हाराबोजी, परत करू." ते म्हणाले, असं परत करत नाहीत. फोनमधून पोरगा म्हणाला, "डॅड, मॉम हळू जेवायची. अजून निम्मंपण झालं नसेल." आजोबांनी जरा विचार केला. "खरं आहे," म्हणाले, "मासा ती शेवटाला घ्यायची." मग मी हात धुतले, गार झालेल्या भाताच्या जागी वाफेचा आणून ठेवला, चमचा रोवला. आणि यावेळी फोन बरोबर घेऊन बाहेर आलो, म्हणजे तोही आमच्यासारखा दाराबाहेरच. परत फट ठेवली, परत भिंत. थोडा वेळ गेला. आजोबांनी खाकरायला छाती भरली आणि त्यांना हसूच फुटलं. माझा अँब्युलन्सचा आवाज त्यांना आठवला असणार. तोंडावर हात धरला, खांदे हलायला लागले, ऐंशीचा माणूस, ताठ कॉलर, आणि डोळ्यांतून पाणी. पुन्हा छाती भरली, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी मला कोपर मारलं. तू कर.

मी केलं, आबा. एक आखूड. थोडं थांबून एक लांब, शेपूट वर चढवून. जसं पायरीवर ऐकू यायचं तसंच, अगदी तसंच, त्या गोट्या खेळणाऱ्या एकालाही इतकं कधी जमलं नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं की तुमची दोनच असतात, यांना तीन लागतात. मी फोन वर धरला. केलीव्हिलहून, भिंतीकडं तोंड केलेल्या त्या दातांच्या डॉक्टरनं घसा साफ केला आणि आईसाठी तिसरं खाकरला. आजोबांनी दार उघडलं.

नंतर जेवायला बसलो तेव्हा, म्हणजे त्यांनी चमचा उचलल्यावर, त्यांनी विचारलं की असं खाकरायला कुठं शिकलास. मी म्हटलं, आमचे आबा घरी येताना रोज असंच करायचे. ते म्हणाले, "रोज? घरी येताना?" मी म्हटलं, हो, रोज. त्यांनी माझा पेला भरला, दोन हातांनी, जे मोठ्या माणसानं धाकट्यासाठी करायचं काही कारण नसतं, आणि म्हणाले, "चांगल्या घरचा आहेस तू."

चांगल्या घरचा. आबा, आपल्या घराला दार नव्हतं. मी त्यांना हे सांगितलं नाही. सगळ्या मिरजेची दारं तुम्ही रंगवलीत आणि आपल्या चौकटीला आईचं जुनं लुगडं टांगलेलं, आत एकाच खोलीत ताई मोठी होत होती, तिथंच न्हाणं, तिथंच कपडे बदलणं, तिथंच आईचं कधी चार आसवं गाळणं. नळाजवळचं आखूड म्हणजे मी येतोय, आणि पायरीवरचं लांब म्हणजे आता आलो. मधली सहा-सात पावलं त्या दोघींची. तुमचं खाकरणं हेच आपलं दार होतं, आणि ते तुम्ही रोज येता-जाता लावत-उघडत होता. हे मला त्या बोळात भिंतीकडं तोंड करून उभं असताना कळलं. म्हणून म्हणतो, तुमची चूक एवढीच की तुम्ही मला कधी समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतंत तर मी त्या दिवशी नळावर तसं बोललो नसतो. माझा मुद्दा अजून आहेच, बघा. आता खोलीला दार आहे, दाजींनी लोखंडी बसवलंय, कडीसकट. आता खाकरायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या हॉटेलची एक ऑर्डर केलीव्हिलच्या बाजूला निघाली आणि मी ती मागून घेतली. जाता जाता तळलेल्या माशाचा आणि फळांचा डबा पोराच्या फाटकावर ठेवला, मागं सरकून उभा राहिलो. त्यानं तो दोन हातांनी उचलला. त्याची मुलगी खिडकीतून म्हणाली, "डॅड, हू इज दॅट?" तो म्हणाला, "आजोबांच्या घरचा आहे."

मग मी आईला फोन केला. म्हटलं, म्हाळ घालू, पैसे पाठवतो. ती म्हणाली, "बरं हाय न्हवं तुला? ताप-बिप?" मी म्हटलं, बरं आहे. फक्त माझं एक ऐक. पान मांडून झालं की सगळ्यांनी बाहेर यायचं, दार लोटून घ्यायचं, थोडी फट ठेवून. आत कुणी बघायचं नाही. आबांना निवांत जेवू द्यायचं. आणि आत जायच्या आधी खाकरायचं. ती म्हणाली, "असलं कुठं अस्तंय? आणि खाकरणार कोण, मी? बाईमाणसानं?" मी म्हटलं, तू नको, दाजीही नको, त्यांना शेपूट वर चढवता येणार नाही. फोन स्पीकरवर टाकून दाराशी धर, मी इथून खाकरतो. ती हसली, आबा. बरीच हसली. म्हणाली, "येऊ दे तुझा हॉर्न."

तुमच्याकडं दुपार असेल तेव्हा इथं संध्याकाळ, पार्सलची गर्दी. पण शेठला सांगून दहा मिनिटं मागून घेतलीत, मागच्या गल्लीत उभा राहीन. हे पत्र कुठं टाकणार, तुमचा पत्ता काय, म्हणून ते माझ्या खोलीतच राहील, आजोबांच्या पांढऱ्या शर्टाच्या घडीत. त्यांनी शर्ट परत घेतला नाही. मी तीनदा नको म्हटलं होतं. आणि एक सांगून टाकतो, भांडणात हरलो असं समजू नका. आजोबांच्या खोलीत जाताना मी हल्ली खाकरतो. रोज. पण त्या दिवशी बोळात जसं झालं तसं पुन्हा जमत नाही, लांबाचं शेपूट मध्येच खाली पडतं. पंधरवड्यापर्यंत सराव करतोय. तोवर आईला उद्या पाठवतोय, तुमच्या पानाला आणि चार माणसांच्या जेवणाला, साडेसात हजार रुपये.